प्रेसनोटच्या नवव्या ओळीतली बातमी

या वेळचं पत्र सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून आलं आहे. ताईंनी गाव, तालुका आणि पक्ष छापू नका अशी विनंती केली आहे. पत्र थोडं कमी करून देतो:

"सर, मी आमच्या गावात पक्षाचं काम करते. पद काही नाही. पण बैठका, मतदारयाद्या, घरोघरी फिरणं हे सगळं मी आणि आमच्या चार-पाच जणी करतो. आमच्या गावची सकाळची साडेसहाची एसटी जूनपासून बंद झाली आहे. अकरावी-बारावीच्या २३ मुलींना फाट्यापर्यंत साडेतीन किलोमीटर चालत जावं लागतं. आम्ही आगारात निवेदन दिलं, फोटो काढले, प्रेसनोट सगळ्या वार्ताहरांना पाठवली. एकाच पेपरात दोन ओळी आल्या आणि त्यात एसटीचं नावच नाही, नुसतं 'निवेदन देण्यात आले' आणि कोण कोण हजर होते तेवढं. त्याच अंकात एका नेत्याच्या वाढदिवसाचं अख्खं पान होतं. नंतर एक यूट्यूबवाले आले, तर तालुकाध्यक्षांनी माइक घेतला आणि राज्याच्या राजकारणावर बोलले. आता काही जण म्हणतात, पैसे मोजल्याशिवाय काही येत नाही, आपण जाहिरात देऊ. काही म्हणतात, पक्षाचं नाव येऊ न देता चुलतबहिणीच्या नावानं वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्र पाठव. आमचं म्हणणं पेपरपर्यंत पोचवायचं कसं? आणि बातमीत नेत्याचं नाव खाली गेलं तर ते रागावतील, त्यांना काय सांगायचं? प्रेसनोट आणि फोटो सोबत जोडले आहेत."

ताई, नमस्कार.

तुमची प्रेसनोट पुन्हा पुन्हा वाचली. सुरुवात अशी आहे: "युवकांचे आशास्थान, झुंजार नेतृत्व मा. अमुक यांच्या आदेशानुसार, तालुकाध्यक्ष तमुक यांच्या मार्गदर्शनाखाली, प्रमुख पदाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत विविध मागण्यांचे निवेदन आगार व्यवस्थापकांना देण्यात आले." पुढे चौदा नावं. नवव्या ओळीत "तसेच गावातील सकाळची एसटी पूर्ववत सुरू करावी", आणि मग आभारप्रदर्शन कुणी केलं ते. मुलींचा उल्लेख कुठंच नाही. २३ हा आकडा तुम्ही मला पत्रात कळवलात, पण पेपरला कळवला नाहीत.

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. संध्याकाळी तिथं काय होतं ते सांगतो, म्हणजे तुमची बातमी कुठं गळाली ते कळेल. तालुक्याच्या पानावर जागा मोजकी आणि समोर बातम्यांचा ढीग असतो. उपसंपादक बातमीची पहिली दोन-तीन वाक्यं वाचतो आणि जागा कमी पडली की बातमी खालून कापतो. तुमच्या प्रेसनोटला वरून दोन ओळी राहिल्या, त्यात निवेदन आणि नावंच होती. एसटी खाली होती, ती गेली. त्यानं तुमच्यावर डूख धरला असं मुळीच नाही. तुम्ही जे वर ठेवलंत तेच त्यानं छापलं.

हीच बातमी मी अशी पाठवली असती:

"पास आहे, एसटी नाही. (गाव), ता. (तारीख): येथून सकाळी साडेसहाला तालुक्याला जाणारी एसटी जूनपासून बंद असल्याने अकरावी-बारावीच्या २३ मुलींना महामार्गाच्या फाट्यापर्यंत साडेतीन किलोमीटर चालत जावे लागत आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. मात्र गाडीच येत नसल्याने पास पडून आहेत. पहिला तास बुडत असल्याचे पालकांनी सांगितले. ही फेरी सुरू करावी, अशा मागणीचे निवेदन ग्रामस्थांनी आगार व्यवस्थापकांना दिले." त्याखाली व्यवस्थापकांचं म्हणणं, त्यांनी जे सांगितलं असेल त्याच शब्दांत. आणि सगळ्यात शेवटी: "या वेळी अमुक पक्षाच्या कार्यकर्त्या अमुक, तमुक आणि पालक उपस्थित होते."

हे खालून कितीही कापा, एसटी जात नाही. जूनमधली नेमकी तारीख मात्र तुम्ही घाला. ती मला पत्रात सापडली नाही. "गेल्या अनेक दिवसांपासून" या शब्दांवर कुणी हलत नाही. आपला सांगलीकर पावसाळ्यात सकाळी पेपर हातात घेतला की आधी आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते बघतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. "पाणी वाढले" एवढंच छापलं तर वाचक वार्ताहराला फोन करील. तुमच्या एसटीचंही तसंच आहे: किती तारखेपासून, किती मुली, किती अंतर, किती तास बुडाले. एका मुलीच्या आईला एक वही द्या. गाडी आली की नाही, रोजची तारीख आणि वेळ लिहायची. महिन्याभरानं ती वही तुमच्या दहा निवेदनांपेक्षा जड होईल.

नावांबद्दल मात्र एकदम एका टोकाला जाऊ नका. गावात पेपर नावांसाठीही घेतला जातो. सलूनमध्ये, चहाच्या हॉटेलात माणसं आपलं नाव शोधतात आणि वार्ताहरालाही ते माहीत असतं. चार-पाच नावं द्या, पूर्ण द्या, आडनावासकट, आणि काना-मात्रा तपासून द्या. फक्त ती शेवटी ठेवा.

आता वार्ताहराविषयी. तुमच्या पत्रात त्यांच्यावर राग दिसतो आणि तो मला समजतो. पण तालुक्याच्या गावी बातमी देणारा माणूस बहुतेक वेळा पूर्णवेळ पगारी नसतो. कुणाचं झेरॉक्सचं दुकान असतं, कुणी क्लास घेतो, कुणी शेती बघतो. बातमीचं मानधन तुटपुंजं, आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीला, दिवाळीला जाहिराती गोळा करायची जबाबदारी त्याच्यावरच. वाढदिवसाचं ते पान बहुधा जाहिरातीचंच होतं. त्याची तुलना तुमच्या बातमीशी करू नका, त्याचा हिशोब वेगळ्या टेबलावर होतो. या माणसाला मदत करणं तुमच्या हातात आहे. बातमी दुपारी तीन-चारच्या आत द्या, रात्री नऊला नको. व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवा. लेटरहेडचा फोटो पाठवलात तर त्याला ती पुन्हा टाइप करावी लागते आणि मग ती मागं पडते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे छपाईला फुटत नाही. फोटोत डावीकडून कोण कोण आहे ते लिहा. खाली अशा माणसाचा नंबर द्या जो फोन उचलतो. आणि एकदा तुमची काहीही बातमी नसताना त्याला जाऊन भेटा. गावात टँकर कधी येतो, शाळेत शिक्षक किती कमी आहेत, ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे, हे विचारायला त्यानं तुम्हालाच फोन करावा इतका तुमच्या माहितीचा भरवसा त्याला वाटला पाहिजे. एकदा चुकीचा आकडा दिलात तर तो फोन थांबतो. माहीत नसेल तर "विचारून तासाभरात सांगते" म्हणा, आणि खरंच तासाभरात सांगा.

फोटोचं थोडं सविस्तर सांगतो. तुम्ही जोडलेल्या फोटोत अकरा माणसं एका ओळीत उभी आहेत, मधे निवेदनाचा कागद, आणि व्यवस्थापकांचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी खांद्याआड. असे फोटो डेस्कवर रोज ढिगानं येतात. उजाडायच्या वेळी दप्तरं घेऊन माळावरच्या रस्त्यानं चालणाऱ्या मुलींचा एक फोटो पाठवा, तो लागेल. पण पाठीमागून काढा. या मुली अल्पवयीन आहेत. मुली ठरावीक वेळी, ठरावीक निर्जन रस्त्यानं चालत जातात ही माहिती आणि त्यांचे चेहरे, नावं एकाच बातमीत येता कामा नयेत. बोलायला आई-वडील पुढं करा, फोटोसाठी पालकांची परवानगी आधी घ्या, आणि नावं नकोत असं वार्ताहराला स्वतःहून सांगा. यूट्यूबवाल्यांना तर दोनदा सांगा, कारण तो व्हिडिओ तालुक्यापुरता राहत नाही.

चुलतबहिणीच्या नावाचं पत्र पाठवू नका, ताई. दोन कारणं आहेत. गावात हे चार दिवसांत उघड होतं, आणि मग एसटी बाजूला राहून "पक्षानं खोटी पत्रं पाठवली" ही बातमी होते. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: तुम्ही एका पक्षाचं काम करता, उन्हातान्हात फिरता, यात लपवण्यासारखं काय आहे? पत्र स्वतःच्या नावानं लिहा आणि शेवटी "मी अमुक पक्षाची कार्यकर्ती आहे" असं एक वाक्य टाका. दीडशे-दोनशे शब्द, एकच विषय, विरोधकांवर एक अक्षर नाही. संपादक असं पत्र जास्त विश्वासानं छापतो, असा माझा अनुभव आहे. पाच जणींनी एकच मजकूर पाच नावांनी पाठवणंही टाळा. डेस्कवर ते लगेच ओळखू येतं आणि पाचही पत्रं बाजूला पडतात.

पैशांचं. जाहिरात देणं गुन्हा नाही, पण ती जाहिरात म्हणूनच छापून यावी. बातमीच्या तोंडवळ्याचा मजकूर पैसे देऊन छापणं म्हणजे पेड न्यूज. लोकसभा-विधानसभेच्या वेळी त्यावर लक्ष ठेवायला जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. मजकूर पेड न्यूज ठरला तर तो खर्च उमेदवाराच्या हिशोबात धरला जातो. उत्साही कार्यकर्त्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट: उमेदवाराची लेखी परवानगी नसताना त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात किंवा पत्रकावर परस्पर खर्च केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "आम्ही आमच्या खिशातून केलं" हा बचाव होत नाही. प्रचाराच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ प्रमाणे नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्याचे आदेश वेगळे निघतात. ते तहसील कार्यालयात जाऊन वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. तुमच्या एसटीच्या बातमीसाठी मात्र कुणी पैसे मागितले तर शांतपणे नाही म्हणा, भांडू नका, आणि दुसऱ्या पेपरकडे जा. आपल्या जिल्ह्यात 'पुढारी', 'सकाळ', 'लोकमत', 'तरुण भारत', 'पुण्यनगरी', 'केसरी' असे बरेच पेपर वाचले जातात. शेजारच्या साताऱ्यात 'ऐक्य'सारखं तिथलंच दैनिक आहे. एका दारानं नाही म्हटलं म्हणून वाट बंद होत नाही.

रेडिओ तुमच्या पत्रात नाही, पण त्याचा विचार करा. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ पासून आहे आणि शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात अजून ऐकलं जातं. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. सामुदायिक रेडिओला राजकीय मजकूर लावायची परवानगी नाही, त्यामुळे तिथं पक्षाचं नाव घेऊन जाऊ नका. पण मोफत पास कसा काढायचा, कागदपत्रं कोणती, हे समजावून सांगणारी बाई म्हणून तुम्हाला कुठल्याही केंद्रावर जाता येईल. याच मातीत सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार पोचवला. कानानं ऐकणारा माणूस अजूनही आपल्याकडे पुष्कळ आहे.

माइकचा प्रसंग वाचून मला वाईट वाटलं. मुलींच्या घरी तुम्ही गेलात, अंतर तुम्ही मोजलंत, आणि कॅमेरा आल्यावर बोललं दुसरंच कुणी, तेही दुसऱ्याच विषयावर. हे तालुक्या-तालुक्यात होतं आणि कार्यकर्त्या बाया ते मुकाट गिळतात. गिळू नका. पण कॅमेऱ्यासमोर ओढाताणही नको. आदल्या दिवशी बैठकीत ठरवून घ्या: या विषयावर बोलणार तुम्ही आणि एक आई, अध्यक्ष शेवटी पाठिंब्याचं एक वाक्य बोलतील. चॅनेलवाल्याला फोनवरच सांगा की माहिती तुमच्याकडे आहे, बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं, तुम्ही देणार. आणि बाइटची तयारी करा. तीन वाक्यं पाठ हवीत: काय बंद आहे, कुणाला त्रास होतो, काय हवं. वीस-पंचवीस सेकंदांत बसेल एवढंच. पहिलं वाक्य "सर्वप्रथम मी आभार मानते" असं नको, कारण कापताना पहिलं वाक्य राहण्याची शक्यता जास्त. घरी मोबाइलवर म्हणून बघा, तुमच्याच बोलीत. आपली सांगलीची भाषा पडद्यावर चांगली वाटते. प्रमाण बोलायच्या नादात अडखळण्यापेक्षा ती बरी.

बोलताना व्यवस्थापकांनी पैसे खाल्ले, अमक्या पुढाऱ्याच्या सांगण्यावरून गाडी वळवली, असलं काही पुरावा नसताना बोलू नका. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि त्यात तुम्हीच अडकाल. संशय असेल तर माहितीचा अधिकार वापरा. २००५ चा कायदा आहे, अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत अपेक्षित. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. विचारा: ही फेरी कोणत्या तारखेपासून आणि कोणाच्या आदेशानं बंद झाली, त्या आदेशाची प्रत, आणि बंद होण्याआधीच्या तीन महिन्यांत ती किती दिवस रद्द झाली. उत्तर आलं की ते कागद म्हणजे नवी बातमी. त्याच्या प्रती आधी त्या वार्ताहराला द्या ज्यानं पहिल्यांदा दोन ओळी का होईना छापल्या होत्या.

ग्रुपवर कात्रण फिरवताना ते जसं आलं तसं फिरवा. मथळा बदललेलं, वर दुसऱ्या पेपरचं नाव चिकटवलेलं कात्रण तुमच्या ग्रुपवर आलं तर तिथल्या तिथं खोडून काढा, आपल्या पक्षाच्या फायद्याचं असलं तरी. तुमच्याबद्दल चुकीचं छापून आलं तर आधी संपादकांना लेखी कळवा, नेमकं कोणतं वाक्य चुकलं आणि खरं काय ते. दाद मिळाली नाही तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते. पण ही पायरी गंभीर चुकीसाठी राखून ठेवा. आडनाव चुकलं म्हणून परिषद गाठू नका.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलं आहे की नेत्याचं नाव खाली गेलं तर ते रागावतील, त्यांना काय सांगायचं. दोन्ही कात्रणं त्यांच्यापुढं ठेवा: जुन्या दोन ओळी आणि नवी जी येईल ती. त्यांना सांगा की मुलींच्या २३ घरांत ही बातमी वाचली जाईल, आणि तिच्यात शेवटी पक्षाचं नाव आहे. जे नेते मतं मोजतात त्यांना हे समजतं. तरीही ते ऐकले नाहीत, तर पुढची प्रेसनोट पालकांच्या सहीनं ग्रामस्थ म्हणून पाठवा आणि तुम्ही त्यात एक गावकरी म्हणून राहा. त्यात फसवणूक नाही, कारण सह्या करणारे खरे आहेत आणि तुमचं नाव तुमचंच आहे.

आणि गाडी सुरू झाली की त्या दिवशीची बातमीही तुम्हीच द्या, दुसऱ्या पक्षाच्या कुणी फोन करून ती सुरू केली असली तरी. पहिल्या दिवशीच्या चालक-वाहकांची नावं विचारून घ्या, मुलींनी त्यांना नारळ दिला असेल तर तो फोटो पाठवा, आगार व्यवस्थापकांचे आभार माना. वही मात्र बंद करू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या सोमवारी गाडी येते की नाही ते त्या आईला नीट बघायला सांगा. नाही आली तर तारीख लिहून दुपारी तीनच्या आत वार्ताहराला कळवा.